माणिकचा मुराळी

वसुधाबाईंना त्यांचा भाऊ वारल्याची बातमी अनंतरावांनी त्या पावसाळ्यात अकरा वेळा दिली. भाऊ वारला होता एकोणचाळीस साली, नागावला, त्यांच्या माहेरी, विषमज्वराने. त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली होती. तेव्हा तार आली, वसुधाबाई रडल्या, चार महिने उदास राहिल्या आणि मग चार बायका सावरतात तशा सावरल्या. पण सत्तावन्न सालच्या जूनपासून अधूनमधून दुपारी चारच्या सुमाराला त्या आपलं हिरव्या काठाचं लुगडं, एक कंगवा आणि कुंकवाचा करंडा फडक्यात बांधायच्या, बोचकं मांडीवर घेऊन ओटीवरच्या बाकावर बसायच्या आणि विचारायच्या, "दादा आला नाही का अजून? मला न्यायला येणार होता."

अनंतराव सांगायचे, "अगं, दादा वारला. एकोणचाळीस साली."

मग त्या पहिल्यांदा ऐकल्यासारख्या रडायच्या. नव्हे, त्यांच्या लेखी ते पहिल्यांदाच असायचं.

आता कोणी म्हणेल, माणसाने दुसऱ्यांदाच शहाणं व्हावं. पण अनंतरावांचा जन्म म्युनिसिपालटीच्या नकाशांच्या खात्यात गेला होता. चौतीस वर्षं त्यांनी मेणकापडावर रेघा ओढल्या. चुकीची रेघ दिसली की ती पात्याने खरवडून काढायची, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलं होतं. एक रेघ इकडची तिकडे झाली तर एकाची भिंत दुसऱ्याच्या अंगणात जाते, असं ते नव्या पोरांना सांगायचे. तेव्हा बायको मेलेल्या माणसाची वाट बघते आहे हे दिसल्यावर ते ती चूक दुरुस्त करणार नाहीत तर काय! अकराव्या खेपेला मात्र त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. समोर बायको हमसून हमसून रडत होती आणि त्यांना काहीच वाटत नव्हतं. वाईट नाही, राग नाही, कीवसुद्धा नाही. ओटीच्या कठड्याला वाळवी लागली आहे, तेवढं दिसत होतं.

घर मुलुंडला, स्टेशनच्या पूर्वेला, मिठागराकडे जाणाऱ्या वाटेवर. तीन खोल्या, पुढे ओटी, मागे विहीर, दोन माड आणि अळूचा वाफा. मुलगा मधुकर कोटातल्या एका कचेरीत नोकरीला, तो सकाळी गेला की दिवेलागणीला यायचा. सून कुंदा घरात. कुंदा कमी बोलायची आणि जास्त बघायची. सासूबाईंचं बिनसलंय हे पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं. आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं, मग पडेनासंच झालं. मग एक दिवस त्यांनी कुंदालाच "वन्सं" म्हणून हाक मारली. शेजारपाजारचे हसले, म्हणाले, साठी बुद्धी नाठी. वसुधाबाईंना एकसष्टावं चालू होतं, त्यामुळे म्हण अगदी चपखल बसली. डॉक्टरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, झोपेचं औषध लिहून दिलं आणि म्हणाले, "म्हातारपणी काहींचं असं होतं. सांभाळायचं. दुसरं काही नाही."

सांभाळायचं म्हणजे काय करायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

पावसाळ्याच्या मध्यावर वसुधाबाईंच्या मनातून नवराही निघून गेला. घरात वावरणारा हा उंच म्हातारा त्यांना 'ते गृहस्थ' झाला. तो आला की त्या पदर सावरून आत जायच्या. पण आठवड्यातून दोन-चारदा, बहुतेक सकाळी, कुठून कोण जाणे, जुनी बाई परत यायची. चहाचा पेला अनंतरावांपुढे ठेवायची आणि म्हणायची, "अहो, निवतोय."

बस, एवढंच. पुढचं वाक्य यायच्या आत ती बाई गेलेली असायची. शेहेचाळीस वर्षांच्या संसारातलं अनंतरावांच्या हाती आता तेवढंच उरलं होतं. त्यांनी बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती, 'अगं'वर सगळं भागलं होतं. 'वसुधा' हे नाव त्यांच्या आईने निवडलेलं, लग्नात तांदळावर लिहिलेलं. त्याआधी त्या माणिक होत्या, हे त्यांना ठाऊक होतं, पण जुन्या पत्त्यासारखं. सकाळी पेला यायच्या वेळी ते वर्तमानपत्र खाली ठेवून बसायचे. ते त्या 'अहो'ची वाट बघतात हे कुंदाला कळलं होतं, म्हणून ती पेला नेहमी सासूबाईंच्याच हातात द्यायची.

गणपती झाले, उन्हं कडक पडली. एक दिवस अनंतराव बाजारातून परतले ते घामाघूम होऊन. ऊन लागू नये म्हणून उपरणं डोक्याला गुंडाळलेलं, छत्री काखेत मारलेली, नेमका दादा न्यायला यायचा तो वेष. फाटक ढकललं तोच ओटीवरून वसुधाबाई उठल्या. महिन्याभरात त्यांचा चेहरा असा फुललेला कोणी पाहिला नव्हता.

"दादा! आलास? किती रे उशीर!"

दादा वारला हे बाराव्यांदा सांगायला अनंतरावांनी तोंड उघडलं. पण पिशवीत चार शेर कांदे होते, खांदा दुखत होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना कंटाळा आला होता. मोठेपणाने नाही, प्रेमाने नाही, निव्वळ कंटाळ्याने ते म्हणाले, "आलो."

"थांब, सासूबाईंना सांगून येते," म्हणत वसुधाबाई आत गेल्या आणि चुलीपाशी बसलेल्या कुंदाला वाकून नमस्कार करून म्हणाल्या, "दादा न्यायला आलाय. जाऊ ना?"

सासू आपल्या पाया पडते आहे, हे बघून दुसरी सून किंचाळली असती. कुंदाने पोळी तव्यावरून उतरवली, हात पुसले आणि म्हणाली, "जा हं. पण लवकर या."

दोघं निघाली. कुठे जायचं हे अनंतरावांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून ते सरळ मिठागराच्या बांधावर गेले. वाफ्यांतलं पाणी उन्हात आटत होतं, खाडीवरून खारट वारा येत होता. वसुधाबाईंनी नाक वर करून वास घेतला. "रेवस आलं वाटतं." माहेरच्या वाटेवर होडी लागायची ते हे बंदर.

"आलं," अनंतराव म्हणाले.

परतताना त्यांनी मागली गल्ली धरली. परसाचं दार उघडल्यावर माड दिसले, अळू दिसलं, विहिरीवरचा रहाट दिसला. वसुधाबाई उंबऱ्यापाशी थबकल्या, आत जावं की नाही कळेना तशा. अनंतराव म्हणाले, "ये, माणिक. आपलीच वाडी."

ते नाव त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघालं. आणि गेले दोन महिने 'वसुधा' म्हणून कोणी हाक मारली तर ज्या मान वर करत नव्हत्या, त्या वसुधाबाई गर्रकन वळल्या, हसल्या आणि चपला काढून आत आल्या. त्या रात्री त्यांनी दोनदा भात घेतला आणि औषधावाचून झोपल्या.

लेकीला सासरहून माहेरी न्यायला येतो तो मुराळी. एरवी भाऊ असतो, नाहीतर चुलता, नाहीतर घरचा गडी. नवरा मुराळी झाल्याचं कोणी ऐकलं नसेल. पण त्या दिवसापासून अनंतरावांची तीच नोकरी झाली. पावणेचारला ते आपल्याच घरातून चोरासारखे मागल्या दाराने निघायचे, उपरणं डोक्याला गुंडाळायचे, छत्री काखेत मारायचे आणि गल्लीला वळसा घालून पुढल्या फाटकातून मेव्हण्याच्या तोऱ्यात शिरायचे. बांधावर जायचं, रेवस आलं म्हणायचं, मागल्या दाराने नागावला पोचायचं. कुंदा पुढे सासू असायची आणि मागे वहिनी. "मामंजी, आज उपरणं विसरलात," असंही ती कधी आठवण करून द्यायची. रडणं थांबलं. बाई जेवायला लागल्या, अंगाला थोडं मांस धरलं. मधुकरला हे सोंग आवडलं नाही. "अण्णा, हे काय नाटक चालवलंय? लोक हसतायत," असं तो एकदा म्हणाला, पण आई शांत झोपते हे बघून गप्प बसला. हातच्या काकणाला आरसा कशाला?

फक्त एक झालं. सकाळचं 'अहो' कमी झालं.

नवरात्रात तीनदा आलं. दसऱ्यानंतर एकदा. मग नाहीच. अनंतराव हिशेबी माणूस, त्यांनी ताडलं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दादा रोज येऊ लागला तसा नवरा मागे सरत गेला. दादा यायचा बंद झाला तर नवरा कदाचित परत येईल. पण मग रडणंही परत येईल. हे असं कोडं होतं की धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ते रोज सकाळी ठरवायचे की आज जायचं नाही, आणि पावणेचारला त्यांचे पाय आपसूक मागल्या दाराकडे वळायचे.

बांधावर ते भावाच्या रीतीने विचारायचे, "सासरी कसं आहे?"

"बरं आहे," त्या म्हणायच्या. महिनाभर तेच उत्तर. अनंतरावांना ते ऐकून बरं वाटायचं. काही वाटायचंच तर तेवढंच.

कोजागिरीनंतरच्या एका दिवशी त्या चालता चालता थांबल्या. "दादा, यांचं कार्ड आहे का रे तुझ्याजवळ?"

"कुठलं कार्ड?"

"तेच. चि. सौ. वसुधेस त्वरित पाठवावे. आईस कामाचा फार त्रास होतो. कळावे." त्यांनी ते शाळेतल्या कवितेसारखं घडाघडा म्हटलं. "छबीचं एक अक्षर नाही त्यात. एकोणीस दिवस होती ती, दादा. बारसं झालं होतं तिचं. वहिनीने कुंची शिवली होती."

मिठागरातले लोक पावसात खचलेले बांध लिंपत होते. अनंतरावांना ते कार्ड आठवलं. चौदा साल. गिरगावातलं बिऱ्हाड, आईचे गुडघे धरलेले, आणि कचेरीतली मधली सुट्टी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली बायको आणि नागावहून आलेलं पत्र, की मुलगी झाली होती, राहिली नाही. त्यांनी टाक बुडवून चांगल्या वळणदार अक्षरात ते कार्ड लिहिलं होतं. मुलीचा विषय का काढला नाही? तिला दुःख होईल म्हणून, असं ते स्वतःला सांगू शकले असते. पण खरं ते हे की त्यांच्या ते मनातच आलं नव्हतं. मुलीचं नाव ठेवलं होतं हे त्यांना आज, मिठागराच्या बांधावर, त्रेचाळीस वर्षांनी कळत होतं.

"मी तुझे पाय धरले होते," वसुधाबाई म्हणाल्या. "म्हटलं, मला परत पाठवू नकोस. तू म्हणालास, तुझं घर तिकडे, माणिक. आणि आणून सोडलंस."

"मग? पुढे?" अनंतरावांनी विचारलं.

"पुढे काय? राहिले." त्या पुन्हा चालायला लागल्या. "हे वाईट नाहीत रे. मारत नाहीत, बोलत नाहीत. त्यांना कोणी दिसतच नाही."

त्रेचाळीस वर्षं ही बाई तोंड दाबून राहिली होती, आणि तक्रार केली ती चुकीच्या माणसापाशी. अनंतरावांनी आता काहीतरी वाटेल म्हणून वाट पाहिली. बसून बसून पायाला मुंग्या आल्या की तो पाय आपला आहे हे कळतं, पण चिमटा लागत नाही, तसं त्यांचं झालं होतं. ते एवढंच म्हणाले, "चल, रेवस आलं."

दिवाळी आली. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला बहीण भावाला. पाडव्याच्या सकाळी अनंतरावांनी दाढी केली, नवं धोतर नेसलं आणि पेटीतून कचेरीतली काळी टोपी काढून डोक्यावर ठेवली. उपरणं आणि छत्री त्यांनी मुद्दाम कपाटात बंद केली. त्यांना आज ते 'अहो' हवं होतं. इतके दिवस काही नको होतं, पण हे हवं होतं, आणि या हवं असण्याचीच त्यांना थोडी लाज वाटत होती.

कुंदाने पाट मांडला. अनंतराव बसले. वसुधाबाई निरांजनाचं तबक घेऊन आल्या, पाटावरच्या माणसाकडे पाहिलं, आणि पदर डोक्यावर ओढून कुंदाच्या मागे सरल्या.

"हे कोण?"

"आई, हे आमचे मामंजी. आज पाडवा ना? ओवाळायचं."

"परक्या गृहस्थाला? मी? नको गं बाई. दादाला विचारल्याशिवाय मी असलं काही करायची नाही."

मधुकरने खिडकीकडे तोंड केलं. अनंतराव उठले, पाट उचलून भिंतीला लावला आणि म्हणाले, "राहू दे, कुंदा." मग आतल्या खोलीत जाऊन खाटेवर बसले आणि त्यांनी ठरवलं. उद्यापासून मुराळी बंद. बारा दिवस रडेल, पंधरा दिवस रडेल. पण दादाने बळकावलेली जागा मोकळी झाली तर माझी मला मिळेल. तो माझा हक्क आहे. त्या दुपारी ते मागल्या दाराकडे गेले नाहीत. वसुधाबाई बोचकं घेऊन सातपर्यंत ओटीवर बसून राहिल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या भाऊबीज. उद्याच यायचा असेल."

दुसऱ्या दिवशी त्या पहाटेच उठल्या. कुंदा सांगत होती, त्यांच्या हातांना सगळं आठवत होतं. पाटाभोवती रांगोळी काढली, तिचा एक ठिपका चुकला नाही. तेलाची वाटी कोमट केली, निरांजनात वाती घातल्या, तबकात सुपारी, अंगठी, अक्षता. कुंदाला करंज्या काढायला लावल्या. चहाला शिवल्या नाहीत. "दादाला ओवाळल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायची नाही."

नऊ वाजले, दहा वाजले. अनंतराव आतल्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसले होते, बोडक्या डोक्याने. अकराला शेजारच्या वनमालाबाई फराळाचं ताट घेऊन आल्या. बाई मनाने चांगली, पण सगळ्या जगाचं शास्त्र त्यांच्या पदराला बांधलेलं. त्यांनी पाट पाहिला, उपाशी वसुधाबाईंना पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "अहो वसुधाताई, तुम्ही गेली अठरा वर्षं माझ्याबरोबर अंगणात उभ्या राहून चंद्राला ओवाळता ना? भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं. संध्याकाळी ओवाळू हं."

"माझा भाऊ जिवंत असताना चंद्राला?" वसुधाबाई कडाडल्या. "दिवाळीच्या दिवशी तोंडातून चांगलं काढा."

वनमालाबाई हरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचा भाऊ श्यामसुंदर सकाळीच घाटकोपरहून आला होता. त्याला त्या दंडाला धरून घेऊन आल्या. "बस रे, दोन मिनिटांचं काम आहे. पुण्य लागेल." श्यामसुंदर भला माणूस, पोटभर फराळ झालेला, तो बिचारा पाटावर बसला.

वसुधाबाई तबक घेऊन जवळ गेल्या. वाकून चेहरा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग तबक खाली ठेवलं.

"हे दादाच्या पाटावर का बसलेत?"

श्यामसुंदर ओशाळून उठला. वसुधाबाईंनी पाट पुसला, विस्कटलेली रांगोळी बोटाने सारखी करायला लागल्या, आणि करता करता हात थांबला. त्यांनी कुंदाकडे मान वर करून विचारलं, "दादा मेला का गं? मेला असेल तर सांगा की मला. सगळे नुसते बघता काय?"

आतल्या खोलीत अनंतरावांनी ते ऐकलं. आज कोणी सांगितलं नव्हतं. बाईंचं बाईंनाच समजलं होतं. मधुकर दारात आला. नाटक म्हणणारा तोच. त्याचे डोळे लाल झाले होते. "अण्णा, जा ना," तो म्हणाला. "अण्णा, प्लीज."

त्याच्या मागून वनमालाबाई. "अनंतराव, ऐका माझं, हे मात्र नको. रोज फिरायला नेता ते नेता, त्याला कोणी नाव ठेवत नाही. पण भाऊबीजेच्या पाटावर नवऱ्याने बसायचं? सोंग वेगळं आणि निरांजन वेगळं. एकदा भाऊ म्हणून ओवाळलं की नातं फिरलं. मग पुन्हा नवरा होता येत नाही."

अनंतरावांना हे पटत होतं. हीच तर पंचाईत होती. ते देवभोळे नव्हते, पण त्यांचंही लग्न अग्नीसमोरच लागलं होतं, आणि ज्योत खरी मानायची तर दोन्हीकडची मानायला हवी. बाहेरून वसुधाबाईंचा आवाज येत होता, "सांगा की, सांगा की." त्यांनी कपाट उघडलं. उपरणं घेतलं, छत्री घेतली आणि मागल्या दाराने बाहेर पडले.

गल्लीत फटाक्यांचे कागद पडले होते. वळशाची वाट शंभर पावलांची. तेवढ्यात त्यांच्या मनात येऊन गेलं की सकाळचं 'अहो' आता येणार नाही. उद्या नाही, परवा नाही, कधीच नाही. वाईट वाटलं. अगदी साधं, सरळ वाईट वाटलं, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मग फाटक आलं आणि ते आत गेले.

"दादा!" वसुधाबाई उठल्या, डोळे पुसत रागावल्या. "ही काय वेळ झाली? मला मेलीला नाही नाही ते वाटायला लागलं."

"रेवसची होडी चुकली," अनंतराव म्हणाले.

ते पाटावर बसले. वनमालाबाई भावाला घेऊन निघून गेल्या. वसुधाबाईंनी उपरणं सोडलं आणि कोमट तेल त्यांच्या टाळूवर घालून बोटांनी जिरवलं. ती बोटं किती दिवसांनी लागत होती ते अनंतरावांना आठवेना. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली. मग निरांजन उचलून त्यांच्या तोंडाभोवती तीनदा ओवाळलं. तोंडाने काही पुटपुटत होत्या. भावाला आयुष्य मागत असाव्यात.

ओवाळणी घालायला अनंतरावांच्या खिशात काहीच नव्हतं. कुंदाने मागून एक खण पुढे केला. ते तो तबकात ठेवणार तोच वसुधाबाईंनी तबकावर हात झाकला.

"खण नको. आज मी मागेन ते दे. भाऊबीजेला बहिणीला नाही म्हणता येत नाही."

"माग."

"मला परत पाठवू नकोस."

अनंतरावांनी निरांजनाकडे पाहिलं, मग बायकोकडे. खऱ्या दादाने काय उत्तर दिलं होतं ते त्यांना ठाऊक होतं.

"नाही पाठवणार, माणिक."

"ज्योतीसमोर बोललास हं."

"हो."

वसुधाबाईंना ते पुरलं नाही. जरा पुढे सरकून, कोणी ऐकू नये अशा बेताने त्यांनी विचारलं, "आणि हे न्यायला आले तर?"

"आले तर त्यांना मी ओटीवरूनच परतवून लावीन," अनंतराव म्हणाले. "आत पाऊलसुद्धा टाकू देणार नाही."

वसुधाबाईंनी तबकावरचा हात काढला. एक करंजी मोडून अर्धी त्यांच्या तोंडात घातली आणि सकाळपासून उपाशी होत्या म्हणून उरलेली अर्धी तिथेच, पाटाशेजारी बसून, स्वतः खाल्ली.